भूत चौथ्या पानावर

लखनौ, १४ डिसेंबर

चि. अनिकेत यास,


तुझी पटकथा दोनदा वाचली. पहिल्यांदा रात्री वाचली आणि घाबरले नाही, म्हणून सकाळी पुन्हा वाचली. राग मानू नकोस. तू जिच्यावरून ती लिहिलीस ती धारपांची कादंबरी मी कॉलेजात असताना वाचली, तेव्हा आठवडाभर मोरीतला दिवा रात्री मालवू देत नव्हते. तुझ्याकडे भूत चौथ्याच पानावर हजर, तेही लाल डोळ्यांनी.

आधी व्यवहाराचं. नारायण धारप २००८ साली गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात, म्हणजे २०६८ संपेपर्यंत. ‘तोंडी बोलणं झालंय’ म्हणालास फोनवर. तोंडी काही नको. कागद कर, सिनेमाचे आणि मालिकेचे हक्क त्यात वेगवेगळे लिहून घे. तुझ्या काकांनी तोंडी व्यवहारात काय घालवलं ते तुला ठाऊक आहे.

आता पटकथेचं. आधी ‘पाठलाग’ सिनेमा बघ. राजा परांजप्यांचा, १९६४ चा. जयंत देवकुळ्यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा. मी आईबरोबर पाहिला होता आणि परत येताना तिचा पदर सोडला नव्हता. दोन वर्षांनी राज खोसलांनी त्याचाच ‘मेरा साया’ केला. इथे कुणाला सांगितलं की हा मूळचा मराठी सिनेमा, तर विश्वास बसत नाही. त्याचे संगीतकार मदनमोहन लखनौ रेडिओवर नोकरीला होते, त्यातल्या गाण्यात झुमका पडला तो बरेलीत, इथून गाडीने चार-पाच तासांवर. मग सिनेमा आमचाच, असा यांचा हिशोब! मी वाद घालत नाही. चहा येईपर्यंत घालते फार तर.

त्या गोष्टीत भूत नाही, पण भुतापेक्षा वाईट आहे. हिंदीतलं सांगते. बायको आजारी म्हणून नवरा लंडनहून धावत येतो आणि ती त्याच्या हातांतच प्राण सोडते. हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मग पोलिस एक दरोडेखोर बाई पकडून आणतात, हुबेहूब तीच. भरल्या कोर्टात ती म्हणते, मीच तुमची बायको. नवरा वकील, उलटतपासणी तोच घेतो, आणि ती त्या दोघांतल्याच गोष्टी एकेक करून सांगत जाते. गाडी अडते ती मंगळसूत्रावर. जे बायकोने कधी अंगावेगळं केलं नसतं, ते कुठंय? तिला सांगता येत नाही. तेवढ्या काळ्या मण्यांवर सिनेमा आपल्याला खुर्ची धरून बसायला लावतो. शेवट सांगत नाही, तू पाहिलेला नसणार.

हे जमलं कशामुळे, तर मरण आधी दाखवलं म्हणून. प्रेक्षकाच्या हातात पक्का पुरावा दिला आणि मग तोच पुरावा सैल करत नेला. तू उलटं करतोस. आधी भूत दाखवतोस आणि मग ‘खरंच होतं का?’ असं विचारत बसतोस. त्याने पाहिलंय रे! आता कशाला विचारतोस?

त्याच १९६४ साली ‘कोहरा’ आला, तोही मेलेल्या बायकोचा, तोही कादंबरीवरून. दाफ्ने द्यू मॉरिएची ‘रिबेका’. पण तुला त्याच कादंबरीवरचा हिचकॉकचा १९४० चा सिनेमा बघायला सांगते. रिबेका त्यात एकदाही दिसत नाही. शेवटाकडे नवरा सांगतो, त्या रात्री ती इथे बसली होती, मग उठली, इकडे आली. आणि कॅमेरा रिकाम्या खोलीत ती चालली तशी फिरतो. कोच रिकामा, दार रिकामं. कादंबरीत ते नुसतं बोलणं आहे. हिचकॉकने फ्लॅशबॅक घातला असता तर एक देखणी नटी दिसली असती, बस्स.

तुझ्या तिसऱ्या पानावर आजोबांच्या खोलीचं वर्णन आहे: धूळ, जळमटं, फडताळात चष्म्याचं घर. ‘त्याला वाटलं, इथे कुणीतरी असावं’ असं तू लिहिलंयस. ‘वाटलं’ हे कादंबरीत चालतं, तिथे माणसाच्या डोक्यात शिरता येतं. कॅमेऱ्याला वाटत नाही. त्यापेक्षा मुलाला ते घर उघडू दे. घरावर बोटभर धूळ, आत चष्म्याच्या काचा लखलखीत पुसलेल्या. त्याने घर मिटून जागच्या जागी ठेवावं आणि कुणाला काही बोलू नये. संध्याकाळी जेवताना त्याचा घास अडला तरी पुरे. लाल डोळे पंधराव्या पानापर्यंत लागायचे नाहीत, कदाचित लागणारच नाहीत.

आणि आवाज. प्रत्येक दारामागे तू ‘धाडकन संगीत’ लिहिलंयस, मी मोजली, अकरा दारं. इथल्या बड्या इमामबाड्यात ये एकदा. नवाब आसफउद्दौलाने १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून बांधायला घेतला. मधलं दालन पन्नास मीटर लांब, आत एक खांब नाही की तुळई नाही. गाइड तुम्हाला एका टोकाच्या सज्जात उभं करतो आणि दुसऱ्या टोकाला जाऊन काडी ओढतो. तिची फर्र अगदी कानाशी येते. गर्दीतली पोरंटोरंसुद्धा त्या क्षणी गप्प होतात. ओरडून कधी कुणी इतकं गप्प केलंय?

वरच्या भुलभुलैयात तुला एकटं सोडणार नाही, गाइड घेऊ. तुझ्या आईला तसं सांग, नाहीतर तीच घाबरायची.

जानेवारीत ये. चौकात सकाळी मक्खन मलाई मिळते, थंडी सरली की ती गेली. येताना तिसरं पान नव्याने लिहून आण, आणि तो वारसांचा कागदही. काडेपेटी मी घेते.

तुझी,
शालूमावशी