कापायच्या कोंबडीला काढा

गळ्यात तुळशीची माळ आणि मळ्यात ब्रॉयलरचं शेड, यावरून सासूबाई बोलतात ते मी ऐकून घेते. घर त्याच शेडवर चालतं, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण परवा मी लसूण ठेचताना त्यांनी विचारलं, ‘‘सहा आठवड्यांत सुरीखाली जाणार, त्याला कसला गं काढा? ही दया की धंदा?’’

धंदा आहेच. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, शेड, वीज, राबणं आमचं, पैसे किलोवर. मर वाढली, एफसीआर (किलोभर वजनामागे लागणारं खाद्य) बिघडला की बिल घटतं. वजन वाढावं म्हणून खाद्यात अँटिबायोटिक घालायला युरोपने १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली, आपल्याकडे २०१९ मध्ये कोंबड्यांसाठी कोलिस्टिन हे अँटिबायोटिक बंद झालं, आणि ओवा-हळद-लसणाला भाव आला. ओव्यातलं थायमॉल, लसणातलं अ‍ॅलिसिन जंतूंना आवरतं हे प्रयोगशाळेत दिसलंय. शेडमध्ये मात्र कधी गुण येतो, कधी नाही. ओवा कुठला, किती जुना, किती घातला, सगळ्यावर आहे ते. काढा दुहेरी फडक्यातून गाळायचा, नाहीतर पाण्याचे निपल तुंबतात आणि पक्षी तहानलेले राहतात. लसीच्या दिवशी पाण्यात दुसरं काही नाही. मानमोडीला लसच हवी. तिथे तुळस चालत नाही, माळेतली असो की पाण्यातली.

सासूबाईंच्या प्रश्नावर मला सम्राट अशोक आठवतो. गिरनारच्या खडकावर त्याचे लेख आहेत. पहिल्यात तो सांगतो, माझ्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज लाखो जीव मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण, पुढे तेही नाही. लगेच दुसऱ्यात, माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केली, जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे आणून लावल्या. हा राजा मला म्हणूनच जवळचा वाटतो. मोर अजून चुलीवर शिजत होते, तरी झाडं लावायला तो थांबला नाही.

पक्ष्याला लिफ्टिंगची, म्हणजे कापायला उचलून न्यायची, तारीख ठाऊक नसते. पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेल्या पिल्लाला आज पोटात कळ आहे, तेवढंच त्याचं जग. ती थांबली तर थांबली. माझ्या मनात बिल होतं की पांडुरंग, त्याला काय त्याचं?

अडचण वेगळीच आहे. ‘हर्बल’ म्हटलं की आमचं मन लगेच निवांत होतं. पक्ष्यामागे जेमतेम चौरस फूटभर जागा, तूस ओलं, अमोनियाने माझेच डोळे चुरचुरतात, आणि पाण्यात तुळस! ही आपणच आपल्या मनाला चारलेली लाच. काढ्याला चार पैसे लागतात, तेही बहुधा वजनात परत येतात. जागा द्यायची तर पिल्लं कमी घ्यावी लागतात, आणि ती तूट कुठूनच भरून निघत नाही.

पुढच्या बॅचला मी पिल्लं कमी मागितली आहेत. सुपरवायझरने पाकिटाच्या पाठीवर आकडेमोड करून दाखवली, ‘‘ताई, एवढे सोडताय बघा.’’ त्याचा हिशेब मी दोनदा तपासला. बरोबर होता.