सुकाणूचा कर्ता कोण?

कर्म घडते तेथे कर्ता असतो, हे गृहीतक रोजच्या व्यवहाराला पुरते. परंतु एकच कर्म अनेक साधनांच्या साखळीतून घडू लागले आणि त्या साखळीतील एखादे साधन स्वतःच निवड करू लागले, म्हणजे कर्तृत्व नेमके कोठे मानावे हा जुना दार्शनिक प्रश्न पुन्हा उभा राहतो. भंडारा जिल्ह्यातून वाहणाऱ्या वैनगंगेच्या काठी या प्रश्नाचा विचार फार पूर्वीपासून होत आला आहे. पवनी येथे 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले, आणि बौद्ध विचाराने तर कर्ता म्हणून वेगळा कोणी असतो हेच नाकारले. नदीच्या पलीकडे, आज नागपूर जिल्ह्यात मोडणाऱ्या आंभोरा येथे मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये ‘विवेकसिंधु’ रचला असे एक परंपरा मानते (दुसरी परंपरा हा मान अंबाजोगाईला देते), आणि त्या ग्रंथाच्या अद्वैत भूमिकेत आत्मा हा कर्ता नसून साक्षी आहे. या सर्व मतांची परीक्षा घेण्यासाठी येथे एक अगदी व्यावहारिक उदाहरण निवडले आहे: मालकाने स्वतः आपल्या बोटीवर ऑटोपायलट, म्हणजे ठरवलेली दिशा आपोआप राखणारे यंत्र, बसवले आणि त्यानंतर हायड्रॉलिक सुकाणू नीट चालेनासे झाले, तर दोष कोणाचा?

वैनगंगेवर ढिवर समाजाचा माणूस डोंगा हाकतो तेव्हा हा प्रश्न उद्भवत नाही, कारण डोंग्याला वेगळे सुकाणू नसते, वल्हे किंवा बांबू हेच गतीचे आणि दिशेचे साधन असते, आणि प्रवाहाचा दाब हाताला जाणवतो त्याच क्षणी हात त्याला उत्तर देतो. जाणणारा, इच्छिणारा आणि करणारा येथे एकच देह असतो. पवनीजवळच्या गोसीखुर्द प्रकल्पाने (पायाभरणी 22 एप्रिल 1988) नदीचा मोठा पट्टा जलाशयात बदलला आणि तेथे इंजिनाच्या बोटीही आल्या, तरी ऑटोपायलटची गरज भासावी इतके अंतर या पाण्यावर कापावे लागत नाही. ते यंत्र खुल्या समुद्राचे आहे, जेथे एकच दिशा तासन्‌तास धरून ठेवावी लागते आणि चाकावरचा माणूस थकतो. मात्र हायड्रॉलिकचे तत्त्व भंडाऱ्यालाही अनोळखी नाही. धानाच्या बांधीत उतरणारा ट्रॅक्टर आणि कालव्याची माती उपसणारा जेसीबी त्याच तत्त्वावर चालतात, आणि दाब बसेनासा झाला की ‘लाइनने एअर धरली’ हे तेथील मिस्त्रीचे निदान बोटीच्या बाबतीतही बहुधा खरे ठरते.

हायड्रॉलिक सुकाणूत चाकामागे एक हातपंप असतो. चाक फिरवले की तो तेलाला दोनपैकी एका नळीत ढकलतो, ते तेल बोटीच्या मागच्या टोकाच्या सिलिंडरमधील दट्ट्या सरकवते, दट्ट्या सुकाणूचे पाते वळवतो आणि दट्ट्याच्या दुसऱ्या बाजूचे तेल दुसऱ्या नळीने परत येते. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, हा पास्कलने सतराव्या शतकात मांडलेला नियम या रचनेचा पाया आहे. तेल जवळजवळ दाबले जात नाही, म्हणून हाताची हालचाल पात्यापर्यंत जशीच्या तशी पोहोचते; हवा मात्र दाबली जाते, म्हणून नळीत बुडबुडे राहिले तर चाकाचे पहिले काही फेरे त्या बुडबुड्यांना आकसण्यातच खर्च होतात आणि चाक मऊ लागते. ऑटोपायलटचा विजेवर चालणारा पंप याच दोन नळ्यांना जोड देऊन बसवतात आणि तिसरी नळी तेलाच्या टाकीला जोडतात. होकायंत्र दिशा सांगते, नियंत्रक तिची ठरवलेल्या दिशेशी तुलना करतो आणि पंपाला हुकूम देतो. या तुलनेमागचे गणित निकोलस मिनोर्स्की यांनी 1922 मध्ये मांडले, आणि ते मांडताना त्यांनी कसलेल्या सुकाणूधारकाचे वर्तन डोळ्यांसमोर ठेवले होते, हे लक्षणीय आहे: असा माणूस जहाज किती भरकटले एवढेच पाहत नाही, ते किती वेगाने भरकटते आहे आणि भरकटणे किती काळ साचत आले आहे हेही विचारात घेतो. यंत्रात उतरले ते अखेर माणसाचेच कौशल्य. माणूस तेवढा बाहेर राहिला.

आता दोषाकडे वळता येईल. ऑटोपायलट बसवण्यापूर्वी चाक घट्ट होते, बसवल्यानंतर मऊ झाले, म्हणून नवा पंपच सदोष आहे, असे अनुमान मालक करतो आणि विक्रेत्याशी भांडायला निघतो. हे अनुमान कावळा बसायला आणि फांदी तुटायला या जातीचे नाही, कारण दोन घटनांमध्ये संबंध खरोखरच आहे; तो संबंध कोणत्या अटीवर आहे, एवढेच मालकाने तपासलेले नाही. न्यायदर्शनाने अशा दडलेल्या अटीला ‘उपाधि’ म्हटले आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान शुद्ध आहे, पण अग्नीवरून धुराचे अनुमान अशुद्ध आहे, कारण धूर निघायला ओल्या इंधनाचा संयोग लागतो आणि लाल तापलेल्या लोखंडात अग्नी असूनही धूर नसतो. येथे ओले इंधन ही उपाधि. त्याच न्यायाने, ऑटोपायलट बसवल्याने चाक मऊ होते हे विधान नळ्या उघडताना हवा आत शिरली असेल तरच खरे ठरते. तेव्हा पहिला उपाय पंप बदलणे हा नसून टाकी भरलेली ठेवून, चाक सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत, सिलिंडरवरील तोटीतून बुडबुडे संपेपर्यंत हवा काढणे हा आहे. तेलात विरलेले बारीक बुडबुडे वर यायला वेळ लागतो, त्यामुळे हे काम घाईने होत नाही आणि बहुतेक वेळा पुन्हा करावे लागते. विजेच्या बाजूलाही असाच एक फसवा प्रकार आढळतो: बॅटरीपासून पंपापर्यंतची तार बारीक असेल तर पंप थांबलेला असताना पूर्ण 12 व्होल्ट दिसतात आणि पंपावर भार पडताच विजेचा दाब कोसळतो, म्हणजे उपाधि जागी होते तेव्हाच दोष दिसतो आणि तपासणारा नेमका ती निजलेली असताना तपासतो.

दोष कोणत्या बाजूला आहे हे ठरवण्याची रीत नैयायिकांच्या अन्वय-व्यतिरेकाहून वेगळी नाही. अन्वय म्हणजे कारण असता कार्य असणे, आणि व्यतिरेक म्हणजे कारण नसता कार्य नसणे. निव्वळ अन्वयावर भिस्त ठेवणारा फसतो. जाणते कारागीर ऑटोपायलटच्या नळ्यांवर बंद करता येणाऱ्या तोट्या बसवतात त्या याचसाठी. तोट्या बंद करूनही चाक शेवटच्या टोकाला न थांबता हळूहळू सरकत राहिले, तर नवा पंप निर्दोष ठरून संशय दट्ट्याच्या गळक्या सीलवर किंवा चाकाच्या पंपावर जातो. उलट, ऑटोपायलट चालू करताच सुकाणूचे पाते हलत नाही आणि चाक मात्र आपोआप गरगरते, तेव्हा चाकाच्या पंपातील एकमार्गी झडप, जिचे काम तेलाला उलटे येऊ न देणे हे आहे, ती नसते, झिजलेली असते किंवा तिच्यात कचरा अडकलेला असतो. बोट उजवीकडे वळायची ती डावीकडेच पळत सुटली, तर नळ्यांची किंवा पंपाच्या तारांची अदलाबदल झालेली असते. विचार करण्याजोगी गोष्ट अशी की दोन्हींची अदलाबदल झाली तर बोट अगदी बरोबर चालते. दोन चुका एकमेकींना झाकतात, आणि वर्षभराने कोणी एक चूक सद्हेतूने दुरुस्त केली की त्या दिवसापासून बोट बिघडते. कार्य यशस्वी झाले म्हणून त्यामागचे ज्ञान यथार्थ होते, ही नैयायिकांची कसोटी येथे तोकडी पडते, हे मान्य करायला हवे.

ज्ञानाच्या यथार्थतेचा हा वाद, ज्याला दर्शनांत प्रामाण्यवाद म्हणतात, सुकाणूच्या संदर्भात केवळ पंडिती राहत नाही. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःप्रमाण असते, म्हणजे बाध येईपर्यंत त्यावर विश्वास ठेवायचा. नैयायिकांच्या मते ते परतःप्रमाण असते, म्हणजे त्याची यथार्थता दुसऱ्या साधनाने पडताळावी लागते. 10 जून 1995 रोजी बर्म्युडाहून बॉस्टनकडे निघालेले ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ वाळूत रुतले, तेव्हा ते आपल्या मार्गापासून सुमारे 17 मैल दूर होते. निघाल्यावर थोड्याच वेळात उपग्रहांकडून संकेत घेणाऱ्या अँटेनाची तार निसटली होती. यंत्र त्यानंतर वेगावरून आणि दिशेवरून केवळ अंदाजाने स्थान सांगत राहिले, ऑटोपायलट तेच स्थान खरे धरून चालत राहिला, आणि 34 तासांहून अधिक काळ अधिकाऱ्यांनी पडद्यावरचा आकडा पडताळून पाहिला नाही. त्या जहाजावर सुकाणू, तेल, पंप सारे निर्दोष होते. अधिकाऱ्यांनी मीमांसकांचे मत जाणून नव्हे, पण आचरून दाखवले, असे म्हणता येईल. आणि मीमांसकांच्या बाजूने हेही म्हणावे लागेल की बाधक ज्ञानाची वाट पाहणे म्हणजे ते शोधण्याचे टाळणे असे त्यांनी कधी सांगितले नव्हते.

मग कर्ता कोण? बौद्ध उत्तर ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातील रथाच्या चर्चेतून ओळखीचे आहे: चाके, आस, जू हे एकेक काढून पाहिले तर त्यांपैकी कोणीही रथ नाही, आणि त्यांच्याखेरीज वेगळा रथही नाही. दोष शोधणाऱ्याच्या हाताला हे उत्तर फार उपयोगी पडते, कारण ते त्याला एखाद्या भागावर चिडण्यापासून परावृत्त करते आणि कारणांच्या साखळीकडे पाहायला लावते. परंतु बोट खडकावर गेल्यानंतर चौकशी साखळीची होत नाही, माणसाची होते. अद्वैताचा साक्षी येथे आणखी अडचणीत येतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात ईश्वर सर्व भूतांना यंत्रावर चढवल्याप्रमाणे फिरवतो असे म्हटले आहे आणि शंकराचार्यांनी तेथे यंत्रावर बसवलेल्या लाकडी बाहुल्यांचा दाखला दिला आहे. तो दाखला पारमार्थिक दृष्टीने कितीही खोल असला तरी समुद्रावरचा कायदा निव्वळ साक्षीला मान्यता देत नाही. टकरी टाळण्यासंबंधीच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील पाचवा नियम प्रत्येक जहाजावर डोळ्यांनी आणि कानांनी सतत टेहळणी ठेवण्यास सांगतो, आणि ऑटोपायलट चालू आहे म्हणून त्यातून सूट देत नाही. तेथे पाहणे हेच कर्तव्य ठरते, म्हणून पाहणारा अकर्ता राहू शकत नाही.

गीतेच्या त्याच अध्यायात थोडे आधी कर्माची पाच कारणे सांगितली आहेत, आणि प्रस्तुत उदाहरणाला ती अधिक नेमकी लागू पडतात: अधिष्ठान म्हणजे आधार, येथे बोट; कर्ता; करण म्हणजे साधने, येथे पंप, नळ्या, तेल, होकायंत्र; चेष्टा म्हणजे त्या साधनांचे निरनिराळे व्यापार; आणि दैव, ज्यात लाट, वारा आणि झडपेत अडकलेला कण यांची गणना करता येईल. या पाचांत केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला गीता मंदबुद्धी ठरवते, आणि तरीही कर्त्याला यादीतून वगळत नाही. हा संयम महत्त्वाचा आहे. कारण म्हणून कर्त्याचा वाटा पाचांतील एक इतकाच असेल. पण बाकीच्या चारांपैकी कोणालाही उरलेल्यांची तपासणी करता येत नाही, ती कर्त्यालाच करता येते, आणि म्हणून कारणाचा वाटा लहान असूनही उत्तरदायित्व मात्र त्याच्याकडे अखंड येते. स्वतःच्या हाताने ऑटोपायलट बसवणाऱ्याच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण तार किती जाड घ्यावी, होकायंत्र लोखंडापासून किती दूर ठेवावे, हवा किती वेळा काढावी हे सारे त्यानेच ठरवलेले असते, आणि धक्क्याला बांधलेल्या बोटीवर उजवे बटण दाबून पाते उजवीकडे वळते का, हे पाहणारा दुसरा कोणी तेथे नसतो.

यंत्रालाच कर्ता का म्हणू नये, या आक्षेपाचे उत्तर नैयायिकांच्या कर्त्याच्या व्याख्येत सापडते. ज्ञान, चिकीर्षा म्हणजे करण्याची इच्छा, आणि कृति म्हणजे प्रयत्न, या तिन्हींचा आश्रय तो कर्ता. होकायंत्राच्या रूपाने ऑटोपायलटला ज्ञानासारखे काही आहे, पंपाच्या रूपाने प्रयत्नासारखे काही आहे. परंतु कोणत्या दिशेला जायचे ही इच्छा त्याची नाही, ती बटण दाबणाऱ्याची आहे, म्हणून व्याख्या येथपर्यंत स्वच्छ टिकते. ती डळमळू लागते ती माणसांविना चालण्याच्या हेतूने बांधल्या जाणाऱ्या जहाजांपाशी. नॉर्वेतील ‘यारा बिर्कलँड’ हे 2022 पासून मालवाहतूक करणारे विजेवरचे जहाज अशाच हेतूने बांधलेले आहे, आणि अशा जहाजाने समोरून येणाऱ्या होडीला टाळण्यासाठी आपला मार्ग आपणच बदलायचा असतो. तेथे बंदर माणसाने निवडलेले असते, पण वाटेतले प्रत्येक वळण यंत्राने. चिकीर्षा दोघांत विभागली जाते, आणि विभागलेल्या चिकीर्षेचा आश्रय कोणता, या प्रश्नाला त्या व्याख्येत उत्तर नाही.