पाणी आणि आडोसा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

साधकहो, गुरुपौर्णिमेला आपल्या इंदूरच्या मंडळात एक तृतीयपंथी ताई दिवसभर पंगतीत वाढत होती. स्वतः मात्र पाण्याचा घोटही घेईना. विचारलं तर हळूच म्हणाली, "प्यायले तर जाऊ कुठे?" दारं दोनच. 'पुरुष' लिहिलेल्या दाराशी टवाळीची भीती, 'महिला' लिहिलेल्या दाराशी भगिनींना संकोच. आमची मान खाली गेली.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच तृतीयपंथीयांसाठी वेगळी सार्वजनिक स्वच्छतागृहं बांधा, असं सरकारांना सांगितलं. २०१७ च्या स्वच्छ भारत मार्गदर्शक सूचनांनी पुरुष किंवा महिला, त्यांना हवं ते स्वच्छतागृह वापरू द्या, असंही म्हटलं. तरी दाराशी उभी असतात माणसंच, म्हणजे आपण.

बृहन्नडेला विराटाच्या अंतःपुरात जागा मिळाली, ही कथा आपण भक्तीने ऐकतो. मग ताईला पाहून का बिचकतो?

भगिनींचा संकोच खरा आहे, ताईची तहानही खरी आहे. म्हणून आम्ही आतून कडी असलेल्या एका खोलीवर 'सर्वांसाठी' अशी पाटी लावली. तिथे कुणीही जावं, कुणी कुणाला विचारू नये.

पाणी पाजणं पुण्याचं, हे आपण जाणतोच. पाणी प्यायलेल्याला आडोसा देणं हे त्याच पुण्याचं दुसरं अंग. येत्या गुरुवारी ताईला तांब्या आपणच पुढे करू या.

जय गुरुदेव 🙏