मृताचा आवाज आणि आपला अधिकार

कलावंत गेल्यानंतर त्याच्यामागे जे जे उरले ते सारे लोकांपुढे मांडावे काय? कवीच्या वह्या, लेखकाची खासगी पत्रे छापायला निघाली की आपल्याकडेही हा प्रश्न उठतो. मला तो पडला जॅनिस जॉपलिन या अमेरिकन गायिकेमुळे.

टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर गावी १९४३ साली जन्मलेली ही रॉक आणि ब्लूज गायिका ४ ऑक्टोबर १९७० रोजी लॉस एंजेलिसमध्ये हेरॉइनच्या अतिसेवनाने गेली. वय अवघे २७. पुढे १९९३ साली तिच्या साऱ्या कारकिर्दीचा 'जॅनिस' हा तीन सीडींचा संच निघाला. त्याची सुरुवात होते डिसेंबर १९६२ मधल्या एका ध्वनिमुद्रणाने. ऑस्टिनमध्ये विद्यापीठातल्या एका सोबत्याच्या घरी ते झालेले. दारूने काय साधते, असे विचारणारे हे गाणे तिने १९व्या वर्षी म्हटले. आपल्याला शेवट ठाऊक असतो, म्हणून ते आपण भाकितासारखे ऐकतो. गाणाऱ्या पोरीला मात्र पुढचे काहीच ठाऊक नव्हते. संकलन आयुष्याला असा आकार देते, जो जगताना नसतो.

मग ती फीत कपाटातच राहायला हवी होती काय? मला तसे वाटत नाही. जॉपलिन स्वतः शिकली ती बेसी स्मिथच्या तबकड्या ऐकून, आणि बेसी तर १९३७ सालीच, हिच्या जन्माआधी, वारली होती. तिच्या थडग्यावर दगडही नव्हता. ऑगस्ट १९७० मध्ये जॉपलिनने जुआनिता ग्रीन यांच्यासह पैसे घालून तो बसवला. स्वतःच्या मृत्यूपूर्वी जेमतेम दोन महिने! कुणीतरी तबकड्या जपल्या म्हणून हे ऋण तिच्यापर्यंत आले. जपणे आणि ऐकवणे हा अपराध नव्हे.

मर्यादा कुठे, हे मला तिच्याच 'पर्ल' या तबकडीत सापडते. ती जानेवारी १९७१ मध्ये, तिच्या पश्चात निघाली. 'मर्सिडीज बेन्झ' हे गाणे तिने १ ऑक्टोबरला वाद्यांवाचून म्हटले होते. ते तसेच ठेवले. 'बरीड अलाइव्ह इन द ब्लूज' या गाण्याचे वादन तयार होते, पण त्यावर गायला ती उरली नाही. तबकडीत ते नुसते वादन म्हणूनच आहे. तिच्या जागी दुसरा कंठ आणला नाही. ऐकताना आपण आवाजाची वाट पाहतो, आणि तो येत नाही. मृत्यू म्हणजे काय, हे त्या रिकाम्या जागेइतके नेमके सांगणारे थोडेच असेल.

म्हणून मला वाटते, मृताचे कच्चे काम प्रकाशित करण्याचा अधिकार आपल्याला आहे. तारीख, स्थळ आणि अपुरेपण लपवू नये, एवढीच अट. ते पुरे करण्याचा अधिकार मात्र नाही. आज हा भेद अधिकच महत्त्वाचा झाला आहे, कारण गेलेल्या माणसाचा हुबेहूब आवाज आता यंत्राकडून काढून घेता येतो. ती रिकामी जागा कुणीही सहज भरील. आपल्या तोंडी दुसऱ्याने शब्द घातले की कसे वाटते, हे दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यांना सांगायला नको. आपण निदान 'मी असे म्हटले नव्हते' एवढे तरी बजावू शकतो. मृताला तेही शक्य नसते. त्याच्या वतीने ते बजावण्याचे काम ऐकणाऱ्याचे आहे.