मांडीवरचे मूल आणि मुभेचा अर्थ

विमान धावपट्टीकडे निघण्याआधी आतली प्रत्येक सुटी वस्तू जखडली जाते. कॉफीची भांडी कप्प्यात बंद होतात, ट्रे मिटतात, पर्स पुढच्या सीटखाली जाते, मोठ्यांचे पट्टे तपासले जातात. अमेरिकी विमानांत या शिस्तीतून सूट मिळते ती दोन वर्षांखालच्या मुलाला. ते मोठ्या माणसाच्या मांडीवर, नुसत्या हातांच्या आधाराने बसू शकते आणि देशांतर्गत प्रवासात त्याचे तिकीटही काढावे लागत नाही. घरच्यांची इच्छा असेल तर वेगळी सीट विकत घेऊन तिच्यावर मान्यताप्राप्त कार सीट बसवता येते. कायदा दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतो आणि निवड आईवडिलांवर सोडतो.

अपघाताच्या धक्क्यात हातांची ताकद किती पुरते, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. १९८८ पासून नव्या आराखड्याच्या प्रवासी विमानांतील सीटची चाचणी गुरुत्वाच्या सोळापट धक्क्याला घेतली जाते. त्या धक्क्यात दहा किलोचे मूल १६० किलोंच्या ओझ्यासारखे पुढे ओढले जाते. हात पैलवानाचे असले तरी सुटतील. आईच्या कुशीइतकी सुरक्षित जागा नाही हे वचन घरात खरे ठरते, कारण घर ताशी दोनशे किलोमीटर वेगाने धावत नसते.

याचा पडताळा १९ जुलै १९८९ रोजी आला. डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या २३२ क्रमांकाच्या डीसी-१० विमानाचे शेपटीतले इंजिन फुटले आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत वैमानिकांनी विमान आयोवा राज्यातल्या सू सिटीपर्यंत आणले. तिथे उतरताना ते मोडले आणि पेटले. २९६ जणांपैकी १८४ वाचले. विमानात मांडीवरची चार मुले होती. मुख्य विमानसेविका जॅन ब्राउन यांनी तेव्हाच्या ठरलेल्या पद्धतीनुसार त्यांना पायांशी जमिनीवर ठेवून धरायला सांगितले. अकरा महिन्यांची एक मुलगी आईच्या हातून निसटली. तिचे रडणे ऐकून एक प्रवासी पुन्हा धुरात शिरला आणि तिला घेऊन बाहेर आला. दोन वर्षांच्या आतला एक मुलगा मात्र धुरात गुदमरून गेला. सूचना पाळूनच हे घडले होते. मुलांना स्वतःची सीट आणि पट्टा सक्तीचा करावा म्हणून ब्राउन यांनी पुढे अनेक वर्षे पाठपुरावा केला.

अपघातांची चौकशी करणाऱ्या नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने १९९० मध्ये तशी शिफारस केली. नियम करण्याचा अधिकार मात्र फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनकडे आहे आणि त्या खात्याने ती मानली नाही. २००५ मध्ये नकार पुन्हा जाहीर झाला. त्यामागचा हिशेब असा: सीट सक्तीची केली तर तान्ह्याचेही तिकीट काढावे लागेल, काही कुटुंबांना ते परवडणार नाही आणि ती गाडीने जातील, रस्त्यावरचा प्रवास विमानापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचा आहे, म्हणून एकूण मृत्यू घटण्याऐवजी वाढतील. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासाने याला आकडे दिले. सक्तीमुळे अमेरिकेत वर्षाला सरासरी ०.४ बालमृत्यू टळतील, आणि पाच ते दहा टक्क्यांहून अधिक कुटुंबे विमान सोडून गाडीकडे वळली तर हा सगळा लाभ पुसला जाईल, असा त्याचा निष्कर्ष होता.

०.४ मूल कुणी पाहिलेले नाही. वादाचे खरे मूळ त्या अपूर्णांकात आहे. अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६८ च्या एका निबंधात विशिष्ट माणसाचा जीव आणि आकडेवारीतला जीव असा भेद मांडला. विहिरीत पडलेल्या एका पोरासाठी गाव रात्रभर जागते. त्याच गावात विहिरींना कठडे बांधायला निधी मिळत नाही. उपयुक्ततावादी याला भावनेचा दोष म्हणेल, कारण वाचलेला जीव तो वाचलेला जीव, त्याला चेहरा असो वा नसो. शासनाला तर चेहरे पाहून कायदे करताच येत नाहीत. त्याला विमानातल्या मुलाबरोबर महामार्गावरचे, अजून तिकीटही न काढलेले मूल मोजावे लागते. या दृष्टीने पाहिले तर खात्याचा नकार निष्ठुर म्हणता येत नाही.

पण हा युक्तिवाद कुणाला लागू पडतो, ते बारकाईने पाहायला हवे. विमान की गाडी, असा पर्याय ज्यांच्यापुढे खुला आहे आणि तिकिटाच्या पैशांवर ज्यांचा कौल फिरतो, अशा कुटुंबांविषयीचे ते विधान आहे. ज्यांचे विमानाने जायचे ठरलेलेच आहे त्यांच्याविषयी ते काहीच सांगत नाही. मुंबईहून न्यू जर्सीला नातवंड घेऊन जाणाऱ्या आजीआजोबांपुढे महामार्ग नसतोच. तरीही ‘सरकारने सक्ती केलेली नाही, म्हणजे मांडी पुरेशी सुरक्षित असणार’ असा अर्थ सर्रास काढला जातो. शासनाने जे धोक्याची तुलना म्हणून सांगितले, ते पालकांच्या कानी निर्धास्तपणाची हमी म्हणून पोचते.

अशा गोंधळाची उकल वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी फार पूर्वी करून ठेवली आहे. वाक्य आज्ञेसारखे दिसले म्हणून ते काहीतरी करायला सांगतेच असे नाही, हा त्यांचा धडा. त्यांनी विधीचे अपूर्व, नियम आणि परिसंख्या असे प्रकार केले. परिसंख्येचे त्यांचे नेहमीचे उदाहरण पाच नखांच्या प्राण्यांचे आहे. अशांपैकी अमुक पाच खाण्याजोगे आहेत, असे वचन आहे. ते पाच प्राणी खा, असा त्याचा अर्थ होत नाही. भूक लागल्यावर माणूस खायला प्रवृत्त होतोच, त्याला सांगावे लागत नाही. वचनाचा सगळा भर त्या पाचांपलीकडचे वर्ज्य करण्यावर आहे. दोन वर्षांखालच्या मुलाने मांडीवर बसण्यास हरकत नाही, हे विमान नियमातले वाक्यही याच जातीचे आहे. मुलाला मांडीवर घेण्याची प्रवृत्ती निसर्गतःच असते. नियम एवढेच सांगतो की दोन वर्षांनंतर ते चालणार नाही. त्यातून मांडीची शिफारस वाचणारा वाक्याचे तात्पर्य चुकवतो.

मुभा संपून विधी कसा येतो, हे भारतातही दिसले. दुचाकीवर आईबापांमध्ये दाटून बसलेले पोर हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावचे रोजचे दृश्य. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला चालकाशी जोडणारा हार्नेस आणि हेल्मेट आवश्यक ठरले, वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर झाली आणि अंमलासाठी एक वर्षाची मुदत मिळाली. दृश्य फारसे बदललेले नाही, ही गोष्ट वेगळी.

सक्ती नाही आणि धोकाही विरळा आहे, अशा जागी बहुतेकांच्या तोंडी दैव येते. देव तारी त्याला कोण मारी, ही म्हण बहुधा संकट टळल्यावर वापरली जाते आणि तिथे ती शोभतेही. आधी वापरली की ती ‘असेल माझा हरी’च्या खाटल्याजवळ जाऊन बसते. महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो की दैव श्रेष्ठ की पुरुषकार. उत्तरात शेत आणि बियाण्याचा दृष्टान्त आहे: दोन्हींशिवाय पीक नाही, आणि पेरणी माणसाच्या वाट्याची. इस्लामी परंपरेत उंट बांधून मग ईश्वरावर भरवसा ठेवण्याची शिकवण आहे. ज्यूंच्या तोरात तर नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा घालावा, अशी थेट आज्ञाच आहे. पडणाऱ्याचे पडणे विधिलिखित असले तरी ते बिनकठड्याच्या घरावरून घडू नये, असा अर्थ भाष्यकारांनी त्यातून काढला. श्रद्धेने सावधपणातून सुटका होते, असे यांपैकी एकही परंपरा म्हणत नाही.

हे मान्य केल्यावर साधन कोणते, हा प्रश्न उरतो आणि तोही वाटतो तितका निव्वळ तांत्रिक नाही. सर्वांत भक्कम कार सीट. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सीटवर ती मोटारीत आणि विमानात चालते, असे लाल अक्षरांत लिहिलेले असावे लागते. ती बहुधा खिडकीशेजारी बसवतात, म्हणजे बाहेर पडणाऱ्यांची वाट अडत नाही. नुसत्या बूस्टरला उड्डाण आणि उतरणीच्या वेळी परवानगी नसते. थोड्या मोठ्या मुलासाठी २००६ मध्ये मान्यता मिळालेला ‘केअर्स’ हा पट्ट्यांचा हार्नेस आहे: वजन दहा ते वीस किलो, उंची सुमारे एक मीटरपर्यंत, आणि सीटवर स्वतःचे स्वतः ताठ बसणारे मूल. दोन-तीन वर्षांच्या मुलाचे कमरेचे हाड लहान असल्याने विमानाचा साधा पट्टा पोटावर सरकतो. खांद्यांवरचे पट्टे ती उणीव भरतात.

तिसरे साधन लूप बेल्ट. मोठ्या माणसाच्या पट्ट्यात ओवलेला हा छोटा पट्टा मांडीवरच्या मुलाच्या पोटाभोवती येतो. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात तो मान्य आहे, अमेरिकी विमानांत त्याला बंदी आहे. विमान जोरात हेलकावले तर तो मुलाला छताकडे उडू देत नाही, आणि उडालेले मूल इतरांवर आदळण्याचाही धोका टळतो. मात्र विमान आदळले तर मोठ्याचे शरीर पुढे वाकते आणि त्याच्या व पट्ट्याच्या मध्ये मूल चेपले जाते. नेहमी घडणाऱ्या छोट्या संकटात वाचवणारे आणि क्वचितच्या मोठ्या संकटात इजा करू शकणारे साधन चांगले की वाईट? एकाच भौतिकशास्त्रातून वेगवेगळ्या खंडांनी दोन उत्तरे काढली आहेत. शिवाय मोठ्याला वाचवणारी गादी मुलाच्या शरीराची व्हावी, ही कल्पनाच अमेरिकी नकाराला नैतिक धार देते.

वयाची रेषा तर उघडच संकेताची आहे. वाढदिवसाच्या रात्री मुलाच्या हाडांत काही बदलत नाही, पण जाताना मांडीवर गेलेले आणि प्रवासात दोन वर्षांचे झालेले मूल परतीला तिकीट मागते. धान्याचा ढीग एकेक दाणा काढताना कधी संपतो, हे ग्रीकांचे कोडे इथे तिकीट खिडकीवर सुटते.

परवडण्याचा मुद्दा राहतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात मांडीवरच्या मुलाला साधारण दहा टक्के भाडे पडते. वेगळी सीट घेतली की ते एकदम जवळपास मोठ्यांच्या भाड्याइतके होते. सगळे साधन जमत नसेल तर काय करावे, याबाबत मीमांसेत नित्य आणि काम्य कर्मांत फरक केला आहे. फळाच्या इच्छेने करायचे काम्य कर्म सर्व अंगांसह जमत असेल तरच करावे; नित्य कर्म मात्र एखादे अंग कमी पडले तरी यथाशक्ति करायचेच असते. मुलाचे रक्षण नित्यात मोडते. सीट घेता येत नसेल तर कमी गर्दीचे विमान निवडणे, शेजारची सीट रिकामी आहे का विचारून बरोबरची कार सीट तिथे बसवणे, मूल झोपले असले तरी पट्ट्याची खूण पेटताच ते विमानातल्या पाळण्यातून उचलून घेणे, जिथे लूप बेल्ट देतात तिथे तो न नाकारणे, ही त्याची उरलेली अंगे. पट्ट्यात बसवलेले मूल रडते आणि मांडी मागते. सोळा तासांच्या प्रवासात ते रडणे ऐकणाऱ्या शेजाऱ्यांची नजर हीच पुष्कळदा पट्टा सोडवते.

५ जानेवारी २०२४ रोजी पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्स ९ विमानाचा, दाराच्या जागी बसवलेला एक भाग सुमारे सोळा हजार फुटांवर निखळून पडला. १७७ जणांत मांडीवरची तीन मुले होती. भगदाडाला लागून असलेल्या २६ ए आणि २६ बी या दोन्ही सीट त्या दिवशी रिकाम्या होत्या. कुणी दगावले नाही, त्यामुळे मृत्यूंच्या हिशेबात या घटनेची नोंद शून्य अशी झाली. सेफ्टी बोर्डाने मुलांना वेगळ्या सीटवर बांधण्याचे आवाहन पुन्हा केले. मांडीची मुभा होती तिथेच राहिली.