ऱ्हस्व-दीर्घाचा निवाडा

छंदःशास्त्राचा विद्यार्थी आरंभीच शिकतो की, लघु अक्षराची मात्रा एक आणि गुरूच्या दोन. परंतु ऱ्हस्व अक्षरापुढे जोडाक्षर आले की तेच अक्षर गुरू गणले जाते, हेही त्याला लागलीच शिकावे लागते. आकाशातून येणाऱ्या गॅमा-किरणांच्या स्फोटांनाही खगोलवेत्त्यांनी ऱ्हस्व आणि दीर्घ अशा दोन संज्ञा दिल्या. तेथला अपवाद मात्र दृढ होण्यास पाव शतकाहून अधिक काळ जावा लागला.

वातावरणात व अंतराळात अणुचाचण्या करू नयेत असा तह १९६३ साली झाला, तेव्हा तो कोणी मोडत नाही ना, यावर पहारा ठेवण्यासाठी अमेरिकेने ‘वेला’ उपग्रहांच्या जोड्या कक्षेत धाडल्या. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी टिपलेली गॅमा-किरणांची चमक अण्वस्त्राची नव्हे, एवढे कळल्यावर तिचा कागद दप्तरी दाखल झाला. पुढच्या उपग्रहांची घड्याळे अधिक काटेकोर होती. एकच चमक निरनिराळ्या उपग्रहांना किती फरकाने दिसली, यावरून तिची दिशा अजमावता आली, आणि ती ना पृथ्वीची ना सूर्याची अशी खात्री पटल्यावर क्लेबेसाडेल, स्ट्राँग आणि ओल्सन यांनी १९७३ साली सोळा स्फोटांची हकीकत प्रसिद्ध केली.

परंतु ज्याचा आदि आणि अंत दोन्ही पार्श्वभूमीच्या किरणांत विरून गेलेले, त्याचा काळ कोठून कोठवर धरावा? तोडगा असा निघाला की, एकूण किरणसंख्येपैकी पाच टक्के येऊन गेल्यापासून पंचाण्णव टक्के पुरे होईपर्यंतचा अवधी हीच स्फोटाची मुदत मानावी. ‘कॉम्प्टन’ वेधशाळेवरील ‘बॅट्से’ उपकरणाने १९९१ ते २००० या काळात २,७०० हून अधिक स्फोट नोंदविले. त्यांतील आरंभीच्यांच्या मुदती मांडून क्रिसा कूव्हेलिओटू आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखविले की, त्यांचे दोन ढीग पडतात आणि त्यांमधली शीव दोन सेकंदांच्या आसपास आहे.

मुदत वेगळी, तेव्हा कूळही वेगळे, हे अनुमान स्वाभाविकच होते: दीर्घ स्फोट महाकाय ताऱ्याच्या मरणाचा, ऱ्हस्व स्फोट दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाचा. १७ ऑगस्ट २०१७ रोजी गुरुत्वीय लहरींनी अशा मीलनाची वर्दी दिली आणि अवघ्या १.७ सेकंदांनी ‘फर्मी’ उपग्रहाने सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षांवरचा स्फोट टिपला, तेव्हा अनुमानाला साक्षीपुरावा मिळाला. मात्र तो स्फोटही सुमारे दोन सेकंदांचा, म्हणजे ऐन शिवेवरचा होता.

पुढे ऑगस्ट २०२० मधील एक सेकंदाच्या आसपास टिकलेला स्फोट मरणाऱ्या ताऱ्याचा निघाला. आणि ११ डिसेंबर २०२१ चा पन्नासएक सेकंदांचा स्फोट, जड मूलद्रव्यांच्या किरणोत्सर्गी क्षयातून मागाहून प्रकटलेल्या आरक्त उजेडावरून, मीलनाचा ठरला.

म्हणून दोन सेकंदांची मर्यादा रद्द करावी असे नव्हे. मात्रा मोजल्यावाचून वृत्त ओळखता येत नाही. परंतु अक्षरापुढे काय आले हे पाहिल्याखेरीज ते लघु की गुरू हे छंदःशास्त्री सांगत नाही. खगोलवेत्त्यानेही स्फोटामागून येणारा उजेड पाहिल्याखेरीज आपला निवाडा लिहू नये.