आधी करवत, मग विचार?

पोरांना जरा अंगणात पाठव. बापाला बोललेलं त्यांच्या कानावर पडायला नको.

ही तुळई कोणी खाचली? सुताराचं नाव पुढे करू नकोस. तू बोट दाखवशील तिथे तो करवत लावतो. घर तुझं आहे, त्याचं नाही. जिंतुरातली ही जुनी घरं बांधणाऱ्यांनी सागाची तुळई, तिच्यावर सर, सरांवर कडीपाट असा बेत केला, तेव्हा प्रत्येक लाकडाला त्याचं काम नेमून दिलं होतं. तुला माळ्यावर जायला ऐसपैस जिना हवा झाला, म्हणून तू दोन सर मधोमध तोडलेस. चढताना डोकं आपटतं म्हणून तुळईला खालून तीन इंच खाच पाडलीस. नऊ इंच उभी जाडी होती, उरली सहा. तुझा हिशेब असा की तिसरा हिस्सा गेला, बाकी ताकद शाबूत आहे. अरे, गणितात वर्गात पहिला येणारा पोरगा तू! लाकडाची वाक सोसायची ताकद उभ्या जाडीच्या वर्गाप्रमाणे चालते. नऊ नव्वे एक्क्याऐंशी, सहा सक छत्तीस. निम्मीही उरली नाही! त्यात खाच खालच्या अंगाला, बरोबर मध्यावर, जिथे ताण सगळ्यात जास्त. या कोपऱ्यात नख घालून बघ. चीर धरलीये तिने.

आणि वर काय रचलंस? सोयाबीनला भाव नाही म्हणून २५ पोती. साठ किलोचं एक, म्हणजे १५ क्विंटल, तेही पाच बाय सहा फुटांच्या कोपऱ्यात. चौरस फुटाला ५० किलो झाले. राहत्या खोलीची जमीन चौरस फुटाला १९-२० किलोंच्या हिशेबाने धरतात. अडीचपट ओझं तू निम्म्याहून कमी ताकदीच्या लाकडावर टाकलंस, आणि त्याच्या खाली आईची बाज.

किल्लारी विसरलास? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे माणसं भूकंपाने जेवढी मेली नाहीत तेवढी डोक्यावरच्या मातीने आणि दगडी भिंतींनी मेली. ते लांबचं वाटत असेल तर शेजारचं हिंगोली बघ. २१ मार्च २०२४ ला सकाळी ४.५ चा धक्का, १० जुलैला पुन्हा तेवढाच. आपल्याकडे भांडी वाजली, तू धावत रस्त्यावर आला होतास. त्यानंतरही तुला करवत चालवावीशी वाटली, याचा मला राग आहे.

थांब, अजून संपलं नाही. पोत्यांत त्या गोळ्या कोणी ठेवल्या? अॅल्युमिनियम फॉस्फाइड आहे ते. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड, कडीपाटाच्या फटींतून खाली उतरतो, आणि बंद खोलीत झोपलेलं माणूस सकाळी उठत नाही. राहत्या घरात ही गोळी ठेवायचीच नाही. हात लावू नकोस आता. दारं-खिडक्या सताड उघड, सगळ्यांना बाहेर काढ, आजची रात्र भावाकडे झोपा. गोळ्या काढायचं काम कृषी खात्याच्या माणसाला विचारून, जाणत्याकडूनच.

मग पोती उतरवायची. बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची चौकशी कर. माल गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, भाव येईपर्यंत थांबता येतं. माळा पोत्यांसाठी नाही. माळ्यावर गोधड्या, रिकामे डबे, सणाची भांडी ठेवावीत, आणि तीही भिंतीलगत पसरून.

पोती उतरवायच्या आधी मात्र तुळईखाली टेकू दे. खाचेच्या दोन्ही बाजूंना एकेक, खाली रुंद फळी टाकून. नुसता जमिनीवर टेकवलास तर रुतेल. पुढचं अभियंत्याला दाखवूनच. तोडलेल्या सरांची टोकं तेवढ्याच जाडीच्या आडव्या लाकडावर घ्यावी लागतील, आणि ते आडवं लाकूड दोन्हीकडच्या शाबूत सरांवर. ते सरही जोडीचे करावे लागतील, बोल्टने, खिळ्यांनी नाही. जिन्याचं भोक सरांच्या लांबीकडे धरलं असतंस तर एका सरावर भागलं असतं. वाळवी आणि कूज बघायला जाड सुई लाकडांच्या भिंतीत शिरलेल्या टोकांशी खुपसायची, मधे नाही. ती तिथेच लपते.

जिना होईपर्यंत शिडी लावायची असेल तर चार फूट उंचीला पायथा एक फूट बाहेर, आणि वरचं टोक कडेच्या तीन फूट वर. सूनबाई एका हातात डबा घेऊन चढते, तिला धरायला काहीतरी हवं की नको? भोकाभोवती तीन फूट उंच कठडा, भोकावर झाकण. परवा तुझी धाकटी तिथे पाय सोडून बसली होती, मी दारातून बघितलंय.

ऊठ आता. आधी आईला बाहेर आण. बुधवारी मी परत येतो, तेव्हा मला वर एकही पोतं दिसता कामा नये, आणि अभियंत्याने काय सांगितलं ते कागदावर लिहून ठेव.